साध्या अठरा, आणि एक भाजी

आधी कामाचं सांगते. डोंबिवली पूर्वेला, टिळकनगरच्या एका आतल्या गल्लीत तळमजल्यावर दोन गाळे एकत्र करून हे पोळी-भाजी केंद्र चालतं. नाव लिहीत नाही, कारण मालकीणबाईंनीच हात जोडले. "काकू, चांगलं लिहा, वाईट लिहा, पण नाव नको. साडेसातची गर्दी आत्ताच आवरत नाही." मी बँकेत अडतीस वर्षं काढली, पण धंदा वाढू नये म्हणून हात जोडणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. त्या भागात राहणाऱ्यांना मी कशाबद्दल लिहितेय ते कळेलच. बाकीच्यांनी संध्याकाळी सातनंतर गल्लीत शिरून नाक वर करावं.

साधी पोळी १० रुपये, तूप लावलेली १२, फुलका ८, ज्वारीची भाकरी २५, भाजी पाव किलो ७०. मोदक, पुरणपोळी, गुळपोळी वगैरे सणावारी, आधी सांगून.

मी इथे पोचले ती मनगटामुळे. जूनच्या अखेरीस गॅलरीत साचलेल्या पाण्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर, मग फिजिओथेरपी, आणि वर डॉक्टरांची ताकीद: दिवाळीपर्यंत मळायचं नाही, लाटायचं नाही. आमच्याकडे माणसं पाच, त्यातला एक सात वर्षांचा. पोळ्या रोज अठरा: रात्रीच्या बारा आणि सकाळच्या दोन डब्यांच्या सहा. आठवडाभर सूनबाईने ऑफिस सांभाळून केल्या, दोन दिवस चिरंजीवांनी ब्रेड आणला, आणि मग मी पिशवी घेऊन निघाले.

पोळीबद्दल सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं इथे जेमतेम आहे आणि पोळी मात्र खरोखर चांगली आहे. घडीची आहे. म्हणजे गोळ्याची पुरी लाटून, तेलाचं बोट फिरवून, वर पिठी भुरभुरून, अर्धी मुडपून, पुन्हा मुडपून मग लाटलेली. हल्ली बऱ्याच ठिकाणी घडी घालायचा कंटाळा करतात आणि नुसता गोळा लाटून त्याला पोळी म्हणतात. ही फाडून बघा, पदर सुटतात. कडा मधल्या भागाइतक्याच पातळ. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर अठरा पोळ्या ठेवून पाहिल्या, ७३५ ग्रॅम भरल्या. म्हणजे नगाला चाळीस-एकेचाळीस. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा वजन केलं, साधारण तेवढंच. हाताने तोडलेल्या गोळ्यांत एवढा सारखेपणा म्हणजे गंमत नाही. (हे म्हणाले, "तू आता पोळ्यांचंही ऑडिट करणार का?" करणार.)

खरी परीक्षा डब्याची. संध्याकाळी साडेसातला आणलेली पोळी मुलगा दुसऱ्या दिवशी दीड वाजता ऐरोलीला ऑफिसात उघडतो. अठरा तास. मी फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते, फ्रिजमध्ये नाही. पहिल्या दिवशी त्याला फोन करून विचारलं. म्हणाला, "कडा जरा कडक आहेत, बाकी ठीक." माझीही कडेला तशीच व्हायची, हे त्याला माहीत नाही, कारण माझी पोळी त्याने कधी तपासून खाल्ली नव्हती.

ऑगस्टमध्ये एक आठवडा मात्र पोळ्या वातड आल्या. चावून चावून जबडा दुखला. मी जाऊन स्पष्ट सांगितलं. मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या ताई, कानकोंड्या झाल्या: नवं मळायचं यंत्र घेतलं होतं, कणीक पटकन मळून व्हायची म्हणून लगेच लाटायला घ्यायचे. कणीक झाकून अर्धा तास मुरवायची असते. यंत्राने हात वाचवले, पण मुरण्याची वेळ कुठलं यंत्र वाचवत नाही. नंतर त्यांनी मळायची वेळ अलीकडे घेतली आणि पोळी सुधारली. तक्रार ऐकून घेणारं दुकान आहे, हे माझ्या दृष्टीने मऊपणाइतकंच महत्त्वाचं.

लोक इथे गहू कुठला ते फार विचारतात. "सिहोर वापरता की लोकवन?" असं एखाद्या स्थळाची चौकशी करावी तसं. मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या गव्हाला मान जास्त, लोकवनला जरा कमी. लोकवन हे नाव कुठल्या वनावरून आलं असेल असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. ते मुळात 'लोक-१'. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या सणोसऱ्याला लोकभारती म्हणून संस्था आहे, तिथे तयार झालेलं वाण. 'लोक वन'चं आपण लोकवन केलं. इथे दोन्ही मिसळून वापरतात आणि तसं सांगतात, यातही प्रामाणिकपणा आहे. पण मी पाच महिने रांगेत उभी आहे. गव्हाचं गाव विचारणारे पुष्कळ भेटले, लाटणाऱ्यांचं गाव विचारणारं एकही नाही. मीही नव्हतं विचारलं, ते पुढे येईल.

भाज्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मटकीची उसळ चांगली, गुरुवारी असते. बटाट्याची पिवळी भाजी बरी. भेंडी तेलात पोहते. पनीरच्या वाटेला जाऊ नका. सगळ्यात साखर आहे, इकडे असायचीच.

भाकरीबद्दल मात्र बोलणार, कारण मी कोल्हापूरकडची. भाकरी लाटलेली आहे, थापलेली नाही. बघताक्षणी कळतं: थापलेल्या भाकरीला कडेला बोटांचे ठसे असतात आणि पापुद्रा सगळा सुटतो. हिला अर्धाच सुटतो. चव चांगली, पीठ ताजं, पण २५ रुपये घ्यायचे तर थापा की.

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर. आमच्याकडे पोळी म्हणजे पुरणाची. रोजची ती चपाती. १९८८ साली लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, आणि पहिल्याच आठवड्यात मी "चपात्या करू का?" विचारलं तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "आपल्यात पोळी म्हणतात हो." रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. पण त्या 'आपल्यात'मध्ये मी अजून नव्हते, हे मला त्या एका शब्दावरून समजलं. मी पंधरा दिवसांत पोळी म्हणायला लागले. करायची पद्धत तीच, घडी तीच, तेलाचं बोट तेच. आईला फोनवर मात्र चपातीच सांगायचे. या केंद्राच्या पाटीवर 'पोळी-भाजी' लिहिलंय आणि घरपोच देणाऱ्या ॲपवर 'चपाती'. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "काकू, चपाती लिहिलं की सगळे शोधतात, पोळी लिहिलं की फक्त आपले." परत आपले! सदतीस वर्षांनी मी तो शब्द दुसऱ्या बाजूने ऐकला, आणि ऐकून बरं वाटलं याची जरा लाजही वाटली.

पाटीवर तिसरा शब्द आहे तो 'घरगुती'. सगळ्यात मोठ्या अक्षरात, दुकानाच्या नावापेक्षा मोठा. आत सिलिंडर निळे, १९ किलोचे, म्हणजे व्यावसायिक, आणि ते तसेच असायला हवेत. तव्यावर एका वेळी चार पोळ्या मावतात. मळायला यंत्र आहे. घरासारखं तिथे काहीही नाही, आणि पोळी चांगली आहे ती नेमकी त्याचमुळे, असं माझं मत. माझ्या घरची पोळी सोमवारी वेगळी असायची, महिनाअखेरीच्या दिवशी वेगळी, आणि ज्या दिवशी लोकलमध्ये चेंगरून आले त्या दिवशी तर विचारूच नका.

आता रांग. हा लेख खरं तर मला रांगेबद्दलच लिहायचा होता.

संध्याकाळी सव्वासात ते पावणेआठ, फास्ट लोकल येऊन गेली की गर्दी होते. ताई खिडकीत उभ्या. गिऱ्हाईक आकडा सांगतं, ताई मागे वळून पोळ्या मोजतात, कागदात गुंडाळतात आणि विचारतात, "आणि?" त्यांना भाजी कुठली एवढंच हवं असतं. पण ते 'आणि?' ऐकलं की बायका काय उत्तर देतात ते एकदा उभं राहून ऐका.

"दहा द्या ताई. आज ऑडिट होतं, मेले मी."

"सहा. बाई आली नाही हो आज." हे तिसऱ्यांदा त्या आठवड्यात.

"आठ. मुलाची परीक्षा चालू आहे ना, त्यात वेळच होत नाही."

"बारा. अचानक पाहुणे आलेत." पाहुणे असतील तर श्रीखंड, अळूवड्या काहीतरी नेलं असतं. बारा पोळ्या आणि पाव किलो दुधी कुठल्या पाहुण्याला वाढतात?

एक गृहस्थ: "चार. मिसेस माहेरी गेलीय." म्हणजे मिसेस असती तर मी इथे नसतो, याची नोंद घ्यावी.

चार मुलं मिळून फ्लॅट घेऊन राहतात, त्यांतला एकजण रोज येतो. कानात इयरफोन, नजर फोनवर. "वीस. मटकी अर्धा." पैसे, पिशवी, गेला. त्याने कारण दिलं नाही, आणि देण्याचं कारणही त्याला माहीत नसावं. आणि एक आजोबा येतात, ऐंशीच्या पुढचे. "दोन. मऊ बघून." सुटे वीस रुपये तयार ठेवतात. त्यांच्याकडे कारण आहे, पण ते सांगत नाहीत.

भाजी घेताना कुणी कारण देत नाही. गणपतीत याच खिडकीवर मोदकांची यादी लागली होती, दोन पानी. मीही २१ घेतले. त्या दिवशी कुणी "माझा हात दुखतो" म्हणालं नाही. उलट घरी आलेल्यांना अभिमानाने सांगितलं, "आम्ही मोदक अमक्यांकडूनच आणतो, अगदी सुबक कळ्या." पितृपक्षात तर श्राद्धाचा अख्खा स्वयंपाक इथून गेला. देवाला चाललं, पितरांना चाललं. नवऱ्याच्या रोजच्या पोळीला मात्र कारण लागतं.

मी हे सगळं लांबून बघून हसत होते असं समजू नका. माझं कारण तर प्लास्टरमध्ये गळ्यात लटकत होतं. जुलैभर मी खिडकीशी गेले की हात जरा वर धरायचे, बोलायचीही गरज नव्हती. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर निघालं. क्रेप बँडेज रात्री झोपताना बांधा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते संध्याकाळी सात वाजता बांधायला लागले. पिशवी, पाकीट, किल्ली, बँडेज. परत आले की सोडायचं, गुंडाळी करून फ्रिजवर ठेवायचं. हे असं सव्वा महिना चाललं. नातवाने एकदा विचारलं, "आजी, तुझा हात फक्त दुकानात दुखतो का?" मी त्याला गप्प बसवलं.

सप्टेंबरात एक दिवस ताईंनी पिशवी माझ्या हातात दिली आणि जरा थांबून, अगदी हळू विचारलं, "काकू, मोडला होता तो उजवा ना?"

बँडेज डाव्या हाताला होतं.

मागे उभी असलेली बाई हसली नाही. ती तिचं कारण मनात जुळवत होती. मी अठरा पोळ्या घेऊन घरी आले आणि बँडेज कपाटात ठेवून दिलं.

आता घरातलं सांगते, नाहीतर परीक्षण अपुरं राहील. पहिल्या संध्याकाळी यांनी पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि म्हणाले, "चालेल." मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि त्याच क्षणी चिडलेही. चालेल? मग इतकी वर्षं? पण गंमत पुढेच झाली. दोन आठवड्यांत यांना मतं फुटली. आज जरा जाड आहेत. कालच्या जास्त भाजल्या होत्या. मंगळवारच्या मऊ असतात, मंगळवारी लाटायला कोण असतं? माझ्या पोळीबद्दल सदतीस वर्षांत ऐकलं ते एवढंच: "अजून एक दे." मला वाटायचं, ही पसंती. असेलही. पण दहा रुपये मोजल्यावर माणूस पोळीकडे बघतो, हे मी रोज ताटासमोर बसून पाहिलं.

मग एका रात्री कॅल्क्युलेटर घेतला. सवय. माहेरपणं, आजारपणं, बाळंतपण वगळून वर्षाचे ३०० दिवस, दिवसाला सरासरी १६, सदतीस वर्षं. १,७७,६०० पोळ्या. दहाच्या दराने १७ लाख ७६ हजार. यांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून शांतपणे वाचला आणि म्हणाले, "पण तेव्हा पोळी दहा रुपये नव्हती." हेही बँकेतलेच. मुद्दा बरोबर होता, त्यामुळे मी आणखी चिडले.

सप्टेंबरच्या सुरुवातीला यांनीच पेपर वाचून दाखवला, की चपाती-पराठ्यावरचा जीएसटी शून्य केला. तोवर दुकानात पाकिटातून मिळणाऱ्या चपातीला ५ टक्के आणि पराठ्याला १८ होता. एकाच पिठाची दोन नावं आणि दोन दर. "बघ, पोळी करमुक्त झाली," म्हणाले. आपल्या घरात ती १९८८ पासून करमुक्तच आहे, असं मी म्हटल्यावर पेपर घडी करून ठेवला. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे मग मी त्यांना ऐकवले: घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका तेव्हा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष असं काम करत होते ते ९७. थोडा विचार करून म्हणाले, "९७ जरा जास्तच वाटतात." माणूस खोटं बोलत नाही, एवढं मात्र मानते.

बँकेचं एक आठवतं. कर्जाच्या किंवा खात्याच्या अर्जावर 'व्यवसाय' असा रकाना असतो. मी काउंटरवर असताना किती बायकांना विचारलं असेल, काय करता? "काही नाही, घरीच असते." एक बाई असंच म्हणाली आणि खात्यात दर महिन्याला नियमित रोकड भरायची. पुढे बोलण्यात निघालं की रोज दोनशे पोळ्या करून आसपासच्या डब्यांना देते. मग 'काही नाही' कशाला म्हणालात? तर म्हणे, "पोळ्याच तर करते." मी त्या रकान्यात 'स्वयंरोजगार' लिहिलं, आणि त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन सोळा पोळ्या केल्या. त्याला काय म्हणायचं, असा विचार तेव्हा शिवलाही नाही. मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्यांचं असंच होतं. गिरणीकामगारांना वर्षानुवर्षं जेवू घालणाऱ्या बायका, पण सावकाराशिवाय दारात कुणी उभं करेना. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नोकरीत नवीन असताना मी हे ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून ऐकलं होतं. ऐकून फार बरं वाटलं होतं, कारण त्यात मी टेबलाच्या बँकेकडच्या बाजूला होते.

बँडेज प्रकरणानंतर ताईंशी मोकळेपणा आला. ऑक्टोबरात एकदा पोळ्या व्हायच्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "आत येऊन बसा." आत दोन बायका लाटायला, एक तव्याशी, एक गोळे तोडायला. उकाडा असा की चष्म्यावर वाफ. लाटणाऱ्यांतली एक माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, सगळे तिला मावशी म्हणतात. मी तिचे हात बघत बसले. लाटणं ती मुठीत धरत नाही. तळहाताच्या टाचेखाली फिरतं आणि पोळी आपोआप गोल वळत जाते. बोटं उचललेली, मनगट जवळजवळ हलतच नाही. मिनिटाला दोन, कधी तिसरी अर्धी. माझं मनगट मी आयुष्यभर आडवंतिडवं वळवत होते, मला कुणी दाखवलंच नाही की असंही लाटता येतं. तिला म्हटलं, तुमचा हात छान आहे. ती म्हणाली, "हात कसला, सवय." आणि पिठी झटकली.

ती शहाडच्या पुढून येते. नऊच्या सुमाराची लोकल पकडून घरी जाते. मी सहज विचारलं, घरच्या पोळ्या इथूनच नेत असाल ना?

"छे हो! विकतच्या आमच्यात चालत नाहीत. घरी जाऊन दहा करते."

हे ती मला सांगत होती तेव्हा तिच्यासमोर ऐंशी-नव्वद पोळ्यांची चळत होती, फडक्याखाली, माझ्या अठरा त्यातल्याच. मी काहीच बोलले नाही. 'आमच्यात' हा शब्द कुणाकडून कधी ऐकावा लागेल, नेम नाही.

भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे, बाहेरूनही दिसतो. 'पोळ्या लाटण्यासाठी बायका पाहिजेत. भाजीसाठी आचारी पाहिजे.' आचारी महिन्याच्या पगारावर, बायका नगावर. नगाला किती ते ताईंनी सांगितलं नाही. "परवडतं त्यांना," एवढंच म्हणाल्या. त्यांच्यापुढेही भाडं आहे, सिलिंडर आहे, ॲपवाल्यांचं कमिशन आहे, हे मला दिसतं. पण इथली भाजी जेमतेम आणि पोळी उत्तम, हे वर मी लिहिलंच आहे. रांग पोळीसाठी लागते. मग आचारी कोण आणि बायका कोण? मी तसं बोलून दाखवलं. ताई हसल्या, म्हणाल्या, "मग काय लिहू काकू, तुम्हीच सांगा." आणि मला शब्द सुचेना. लाटणारी? पोळीवाली? अडतीस वर्षं लोकांचे रकाने भरले आणि इथे अडकले. कागद अजून तोच आहे. पाचपैकी चार तारे देते. एक त्या कागदाचा कापला, त्यातला अर्धा खरं म्हणजे माझाच कापायला हवा.

दिवाळी झाली, डॉक्टरांनी हात तपासून परवानगी दिली. "आता करा हळूहळू पोळ्या," म्हणाले. तपासताना त्यांनी विचारलं होतं, हाताने नेहमीची कामं होतात ना? मी सही करून दाखवली, वेणी घातल्याची खूण केली, बरणीचं झाकण उघडून दाखवलं. पोळीचं त्यांनीच काढलं. घरी आल्यावर चिरंजीव म्हणाले, "वा! म्हणजे आता तुझ्या हातच्या." हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मंगळवारच्या तरी तिकडूनच आण, त्या बऱ्या असतात." सूनबाई काहीच बोलली नाही, कुकरचं झाकण लावत होती, पण लावता लावता थांबली होती. मी पिशवी उचलली.

जाणाऱ्यांसाठी: घरून डबा न्या, कागदात गुंडाळलेल्या पोळीला घाम सुटतो. सुटे पैसे न्या, नाहीतर ताई चॉकलेट देतात. पावणेआठनंतर गेलात तर फुलकेच उरतात. गुरुवारी मटकी. रविवारी केंद्र बंद, बायकांना सुट्टी असते. रविवारी आमच्याकडे भात.